शीव ओलांडणारी गाडी

जगाच्या वाटेवर



आपोआप चालणाऱ्या मोटारीची गोष्ट आता नवी राहिलेली नाही. अमेरिकेत फिनिक्स शहराच्या परिसरात २०२० सालापासून चालकाशिवायची टॅक्सी सर्वसामान्य लोकांना मिळू लागली. पुढे कोणी बसलेले नाही, चाक आपले आपणच फिरते आहे आणि मागे बसलेला गडी निवांत बाहेर बघतो आहे, अशी चित्रे आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. पाहणारा म्हणतो, "काय हुशार गाडी!" तेही खरेच. पण आज त्या गाडीची हुशारी सांगायची नाही, ती अडली कुठे ते सांगायचे आहे. युरोपातल्या जाणत्या अभियंत्यांनी अशा गाड्या एका देशातून दुसऱ्या देशात न थांबता न्यायच्या असे ठरवले, आणि नेमके शिवेवर येऊन घोडे पेंड खाऊ लागले. तिथे नदीवर पूल होता, डोंगरातून रस्ता होता, नाक्यावर शिपाईही उरला नव्हता. आडवी आली ती मोबाइलची रेंज.

ही अडचण कशी आली आणि ती सोडवायला काय करावे लागले, ते समजून घेण्यासारखे आहे. यंत्र परके असले तरी दुखणे आपल्या चांगल्या ओळखीचे आहे.

वळणापलीकडचे कसे दिसावे?

आधी गाडीचे पाहू. अशा गाडीला स्वतःचे डोळे असतात. कॅमेरे असतात, रडार असते, प्रकाशाचे किरण सोडून समोरच्या वस्तूचे अंतर मोजणारे यंत्र असते. त्यावरून तिला समोरचा माणूस, बैल, दुसरी गाडी, रस्त्यावरचा पांढरा पट्टा हे सारे कळते. पण डोळे कितीही तीक्ष्ण असले तरी ते डोंगराच्या आरपार पाहू शकत नाहीत. वळणाच्या पलीकडे ट्रक बंद पडला असेल, तर तो माणसाला दिसत नाही तसाच गाडीलाही दिसत नाही.

आपल्या घाटात यावर एक जुना उपाय आहे. ट्रक बंद पडला की क्लीनर उडी मारून खाली उतरतो, मागे शंभर पावले चालत जातो आणि रस्त्यावर दगड मांडून झाडाची एक हिरवी फांदी ठेवतो. मागून येणारा चालक फांदी पाहतो आणि समजतो की पुढे काहीतरी आहे, वेग कमी करा. ट्रक दिसण्याआधी ट्रकची बातमी पोहोचते.

युरोपातल्या अभियंत्यांना हीच फांदी मोबाइलच्या जाळ्यातून ठेवायची होती. पुढची गाडी थांबली की तिने लगेच जाळ्यावर निरोप टाकायचा, आणि तो निरोप मागच्या गाडीला वळणावर पोहोचण्याच्या आत मिळायचा. हे झाले पहिले काम.

दुसरे काम नकाशाचे. अशा गाडीच्या पोटात रस्त्याचा अतिशय बारीक नकाशा असतो. कुठली मार्गिका कुठे वळते, खांब कुठे आहे, हे त्यात हातभर अंतराच्याही आत बरोबर असावे लागते. पण रस्ता काही दगडावर कोरलेला नाही. आज खणतील, उद्या एक मार्गिका बंद करतील. म्हणून जी गाडी बदल पाहील तिने तो कळवायचा, आणि मागून येणाऱ्या सगळ्यांच्या नकाशात तो लगेच भरायचा.

तिसरे काम सर्वांत अवघड. गाडी अशा ठिकाणी अडकली की तिला पुढे काय करावे ते सुचेना, तर दूर एखाद्या खोलीत बसलेला माणूस गाडीच्या कॅमेऱ्यातून रस्ता पाहतो आणि तिथून चाक फिरवून तिला अडचणीतून बाहेर काढतो. त्यासाठी गाडीकडून सतत चित्र यावे लागते आणि माणसाचा हुकूम क्षणात परत पोहोचावा लागतो. गाडी ताशी ५० किलोमीटरने जात असली, तर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात ती जवळजवळ दीड मीटर पुढे गेलेली असते. चित्र तेवढे उशिरा आले, तर माणूस मागचा रस्ता पाहून पुढची गाडी हाकतो आहे असे होईल.

ही तिन्ही कामे मोबाइलच्या जाळ्याशिवाय होत नाहीत. पाचव्या पिढीचे जाळे, ज्याला आपण फाइव्ह-जी म्हणतो आणि जे आपल्याकडे २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाले, ते या कामासाठी पुरेसे वेगवान आहे. मग अडले कुठे?

रस्ता एक, टॉवर दोघांचे

युरोपात देश लहान लहान आहेत. आपल्या दोन-तीन जिल्ह्यांच्या प्रवासात तिथे देश बदलतो. लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशात मोझेल नदीच्या काठी शेंगेन नावाचे खेडे आहे. तिथे फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग या तीन देशांच्या शिवा मिळतात. १४ जून १९८५ रोजी याच गावाजवळ, नदीतल्या एका बोटीवर, पाच देशांनी करार केला की आपसातल्या सीमेवरची तपासणी हळूहळू उठवायची. परदेशी जाणाऱ्यांच्या तोंडी "शेंगेन व्हिसा" हा शब्द असतो, तो या खेड्याच्या नावावरून आला. १९९५ पासून तो करार प्रत्यक्ष चालू झाला आणि तेव्हापासून मालट्रक एका देशातून दुसऱ्या देशात सहसा न थांबता जाऊ लागले.

आपल्या नाशिककडची द्राक्षे न्हावा शेवा बंदरातून थंड कंटेनरमध्ये नेदरलंड्सच्या रॉटरडॅम बंदरात उतरतात, आणि तिथून पुढे ट्रकने जर्मनीत आणि इतर देशांत जातात. त्या ट्रकला सीमा लागते ती बहुधा रस्त्याकडेच्या निळ्या पाटीवरच. पाटी मागे पडली की देश बदलला.

ट्रकला सीमा दिसली नाही, तरी मोबाइलला ती बरोबर दिसते. कशी, ते समजून घेऊ.

आपण एसटीत बसून बोलत जातो, तेव्हा वाटेत टॉवरमागून टॉवर बदलत असतात आणि आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. कारण मोबाइल सतत आसपासच्या टॉवरांची रेंज मोजून आपल्या टॉवरला सांगत असतो. एक टॉवर अशक्त झाला आणि दुसरा सशक्त दिसला, की पहिला टॉवर दुसऱ्याला आधी विचारतो, "हा गिऱ्हाईक तुझ्याकडे येतो आहे, जागा ठेवशील का?" दुसऱ्याने होकार दिला की मगच पहिला मोबाइलला म्हणतो, "आता तिकडे जा." जागा आधी होते, मग माणूस सरकतो. म्हणून बोलणे तुटत नाही.

सीमेवर मात्र पलीकडचा टॉवर दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या कंपनीचा. या दोघांची ओळख नाही, बोलणे नाही. मोबाइल आपल्या घरच्या टॉवरला शेवटपर्यंत चिकटून राहतो. रेंज क्षीण होत होत तुटते. मग तो एकटाच शोध घेत सुटतो, परका टॉवर सापडतो, त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. परकी कंपनी त्याच्या घरच्या कंपनीला विचारते की हा तुमचाच का, याला आत घेऊ का. होकार आला की नव्याने नोंद होते. या साऱ्याला कधी काही सेकंद लागतात, कधी मिनिटाहूनही अधिक.

त्यात आणखी एक गोष्ट. सीमेजवळ टॉवरची शक्ती मुद्दाम बेताची ठेवावी लागते, कारण एका देशाच्या लहरी दुसऱ्याच्या हद्दीत घुसून त्याचे काम बिघडवू नयेत असे देशादेशांत करार असतात. आणि तिथे वस्ती विरळ, गिऱ्हाईक थोडे, म्हणून कंपन्याही टॉवर उभारायला फारशा उत्सुक नसतात. दोन तालुक्यांच्या हद्दीवरचा रस्ता कसा दोघांच्याही यादीत शेवटी राहतो आणि खड्डे तसेच पडून असतात, अगदी तसे.

पैशाचा प्रश्न युरोपने आधीच मिटवला होता. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघाच्या देशांत मोबाइलला रोमिंगचे जादा पैसे लागेनासे झाले. पण बिल मिटले म्हणून तुटलेला धागा जुळला नाही. बोलणाऱ्या माणसाला त्याचे काही वाटत नाही. तो म्हणतो, "रेंज गेली होती, हां, आता बोला." गाडीचे तसे नाही. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. अर्धा मिनिट जाळे तुटले तर ती ८०० मीटरहून अधिक अंतर बातमीवाचून कापते. ताशी ८० ने जाणारा भरलेला ट्रक एका मिनिटात सव्वा किलोमीटरच्या पुढे जातो. त्या सव्वा किलोमीटरमध्ये फांदी कोणी ठेवली असेल, तर ती त्याला दिसणार नाही.

पाण्याची पाळी आणि सुटलेला पाट

हे दुखणे आपल्याला नवे नाही असे वर म्हटले, ते का, ते सांगतो. पाटाच्या पाण्याची पाळी आठवा. रात्री दोनला तुमची पाळी संपते आणि शेजाऱ्याची सुरू होते. शेजारी पावणेदोनलाच खोरे आणि कंदील घेऊन आपल्या दाऱ्यावर हजर असला, त्याने दारे मोडून वाट करून ठेवली असली, तर पाणी थेंबभर वाया न जाता तुमच्या रानातून त्याच्या रानात वळते. पण तो घरी झोपलेला असेल आणि तुम्ही दारे बांधून निघून गेलात, तर? पाणी थांबत नाही. ते बांध फोडते, रस्त्यावर येते, कुणाच्या तरी भरल्या पिकात शिरते. सकाळी दोघेही म्हणतात, माझी चूक नाही, माझे काम मी वेळेवर केले. आणि दोघांचेही म्हणणे खरे असते! नुकसान होते ते दोघांच्या कामांच्या मधल्या फटीत.

चालती गाडी ही पाटाच्या पाण्यासारखीच. ती सीमेवर "थांब, आम्ही ठरवतो" म्हणून थांबवता येत नाही. तिला घेणारा आधीच जागा राहिला पाहिजे.

तीन शिवांवरचे प्रयोग

हे ओळखून २०१७ च्या मार्चमध्ये रोम शहरात युरोपातल्या २९ देशांनी लेखी ठरवले की अशा गाड्यांच्या चाचण्या सीमेपलीकडे मिळून करायच्या. पुढच्याच वर्षी, २०१८ च्या नोव्हेंबरात, युरोपीय संघाच्या मदतीने तीन मोठे प्रयोग सुरू झाले. त्यांची नावे फाइव्ह-जी क्रोको, फाइव्ह-जी कारमेन आणि फाइव्ह-जी मोबिक्स. तिन्ही २०२२ पर्यंत चालले.

पहिला प्रयोग शेंगेनच्याच मुलखात झाला. फ्रान्समधले मेत्झ, जर्मनीतले मेर्झिग आणि लक्झेंबर्ग यांना जोडणारा हा पट्टा. फ्रान्सची ऑरेंज, जर्मनीची डॉइचे टेलिकॉम आणि लक्झेंबर्गची पोस्ट या तीन कंपन्या त्यात होत्या. वर सांगितलेली तिन्ही कामे, म्हणजे आगाऊ इशारा, ताजा नकाशा आणि दुरून गाडी हाकणे, इथे सीमा ओलांडताना करून पाहिली.

दुसरा प्रयोग इटलीतल्या बोलोन्यापासून ऑस्ट्रियातून जर्मनीतल्या म्युनिकपर्यंतच्या सुमारे ६०० किलोमीटर रस्त्याचा. हा रस्ता आल्प्स पर्वतात ब्रेनर खिंडीतून जातो. खिंडीची उंची सुमारे १,३७० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराएवढी, आणि वर्षाला २० लाखांहून अधिक मालट्रक तिच्यातून जातात. बोगदे, वळणे, बर्फ आणि दोन सीमा. इथे गाड्यांनी एकमेकींना सांगून मार्गिका बदलणे, पुढच्या धोक्याची बातमी देणे आणि धूर कमी होईल अशा बेताने चालणे यांचा अभ्यास झाला.

तिसऱ्या प्रयोगाच्या जागा दोन. एक, स्पेनमधले तुई आणि पोर्तुगालमधले व्हालेन्सा. मधून मिन्यो नदी वाहते आणि तिच्यावर एकोणिसाव्या शतकातला लोखंडी पूल आहे. गंमत अशी की पुलाच्या या टोकाला आणि त्या टोकाला घड्याळात एक तासाचा फरक. तुईत बारा वाजले की व्हालेन्सात अकरा! माणसाने पूल ओलांडला की मनगटावरचे घड्याळ फिरवायचे. गाड्यांच्या निरोपांना हे चालत नाही. त्यांच्यावर उपग्रहाकडून मिळणाऱ्या एकाच वेळेचा शिक्का असतो, नाहीतर आत्ताचा इशारा तासापूर्वीचा समजून फेकून दिला जाईल. दुसरी जागा ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्या सीमेवरचे किपी आणि इप्साला नाके. तिच्याकडे थोडे पुढे वळू.

या प्रयोगांतून जे उत्तर निघाले ते पाटाच्या पाण्याचेच आहे. दोन्हीकडच्या कंपन्यांनी आपापल्या टॉवरांची यादी एकमेकींना द्यायची. दोघींच्या मुख्य यंत्रणांमध्ये थेट तार जोडायची. गाडी सीमेकडे येताना दिसली की अलीकडच्याने पलीकडच्याला आधी कळवायचे, पलीकडच्याने जागा करून ठेवायची आणि मगच गाडीला सोडायचे. असे केल्यावर जो खंड पूर्वी कित्येक सेकंदांचा किंवा मिनिटाचा असे, तो सेकंदाच्याही आत आला.

दुसरा धडा असा की बातमीचा फेरा कमी करायचा. परदेशात गेलेला मोबाइल बहुधा आपला निरोप आधी मायदेशी पाठवतो आणि तिथून तो परत फिरून येतो. शेजारच्या वस्तीवर निरोप द्यायला तालुक्याच्या गावाहून जायचे, तसला हा प्रकार. म्हणून टॉवरच्या जवळच छोटी संगणक यंत्रे बसवायची आणि शेजारी देशातल्या तसल्याच यंत्राशी ती जोडायची. इथली बातमी इथल्या इथे फिरावी.

तिसरा धडा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. जाळे कितीही चांगले केले तरी ते कधीतरी तुटणारच, असे धरूनच गाडी घडवायची. पुढे रेंज कमकुवत आहे असे जाळ्याने गाडीला आधीच सांगायचे, म्हणजे ती वेग कमी करील, अंतर वाढवील, आणि अगदीच जमले नाही तर बाजूला घेऊन सुरक्षित उभी राहील. दुसऱ्याच्या भरवशावर चाल, पण स्वतःचा ब्रेक स्वतःच्या पायाखाली ठेव, असा याचा अर्थ.

जिथे नाके उठले नाही

आता ग्रीस आणि तुर्कस्तानची सीमा. तुर्कस्तान युरोपीय संघात नाही. त्यामुळे इथे जकात आहे, कागदपत्रे आहेत, तपासणी आहे आणि ट्रकांच्या लांबच लांब रांगा आहेत. ग्रीसची कॉस्मोट आणि तुर्कस्तानची टर्कसेल या दोन कंपन्यांनी इथे आपली जाळी जोडली. फोर्ड ओटोसान कंपनीचे ट्रक एकामागे एक असे चालवून पाहिले. पुढच्या ट्रकच्या कॅमेऱ्यातले चित्र मागच्या ट्रकमध्ये दिसेल अशी सोय केली. म्हणजे मागच्या चालकाला पुढच्याच्या पाठीवरच्या ताडपत्रीऐवजी त्याच्या पुढचा रस्ता दिसतो.

शिवाय ट्रक नाक्यावर पोहोचण्याआधीच त्याची माहिती नाक्यावर पोहोचावी, आणि ज्यांच्याविषयी शंका नाही त्यांना अडवून ठेवू नये, असाही प्रयोग केला. इथे एक गोष्ट स्पष्ट झाली. यंत्र रांग लहान करू शकते, नाके उठवू शकत नाही. ते उठवायला सह्या लागतात, आणि सह्या माणसे करतात.

कायद्याचेही तसेच. रस्ते वाहतुकीचा १९६८ चा व्हिएन्ना करार सांगत होता की प्रत्येक वाहनाला चालक पाहिजे. २०१६ मध्ये त्यात थोडी मोकळीक दिली, आणि जुलै २०२२ पासून नवे कलम लागू झाले की देशाच्या कायद्यात बसत असेल तर आपोआप चालणारी यंत्रणाही चालेल. जर्मनीने २०२१ मध्ये स्वतःचा कायदा केला. नेमून दिलेल्या भागात चालकाविना गाडी चालेल, पण तिच्यावर देखरेख ठेवणारा आणि वेळ पडल्यास ती थांबवणारा जबाबदार माणूस असलाच पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. पण हा कायदा जर्मनीच्या शिवेपर्यंतच. पलीकडे दुसऱ्याचा कायदा. खोलीत बसून गाडी हाकणारा माणूस एका देशात, गाडी दुसऱ्या देशात आणि अपघात झाला तर जबाबदार कोण? टॉवरांनी एकमेकांशी बोलायचे ठरवले, तसे कायद्यांनाही बोलावे लागणार आहे.

प्रयोग २०२२ मध्ये संपले, तरी काम थांबलेले नाही. सीमा ओलांडणाऱ्या महामार्गांवर टॉवर उभारायला युरोपीय संघ अनुदान देतो आहे. ट्रकमधला चालक मात्र सहसा अजून चाकामागेच आहे. तिथल्या नियमाप्रमाणे साडेचार तास चालवले की त्याला पाऊण तास विसावा घ्यावाच लागतो, आणि दिवसाला साधारण नऊ तासांच्या वर चाक धरता येत नाही. आपल्याकडे रात्रभर चाक धरणाऱ्या पोरांच्या आयांनी हा नियम जरूर वाचून ठेवावा.

आपल्या घरातला प्रश्न

इथे तुमच्या मनात जो प्रश्न आला तो मी ओळखतो. आपल्या किती घरांतला एक तरी मुलगा ट्रकवर, टेंपोवर किंवा ट्रॅक्टरवर आहे. जमीन दोन एकर, भाऊ तिघे, म्हणून एकाने लायसन काढले आणि त्याच्या पगारावर घराचा उंबरा टिकून आहे. गाडी आपली आपण चालू लागली तर त्याने काय करायचे? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०२३ च्या डिसेंबरात नागपूरला हेच सांगितले होते, की सत्तर-ऐंशी लाख चालकांचे पोट यावर आहे, म्हणून चालकाविना गाड्या आपण भारतात येऊ देणार नाही. ही भीती खोटी नाही. आणि ज्या युरोपात एवढे प्रयोग झाले, तिथेही अजून सहसा माणूस उतरलेला नाही, हेही लक्षात असू द्यावे. पण दहा-पंधरा वर्षांनी काय होईल हे कोणी छातीवर हात ठेवून सांगू नये. ज्याचा मुलगा चाकावर आहे त्याने त्याला इंजिनाचे, विजेच्या जोडणीचे, निदान संगणकाचे थोडे काम शिकू द्यावे. विद्या ओझे होत नाही.

आपल्याकडेही २०१७ सालीच दोन शिवा सैल झाल्या. त्या सुमारास मोबाइल कंपन्यांनी देशातले रोमिंगचे पैसे बंद केले, नाहीतर कागल ओलांडून निपाणीला गेले की आलेल्या फोनलाही पैसे कापले जात. आणि १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, तेव्हा राज्याराज्यांच्या हद्दीवरची करवसुलीची नाकी उठली. हे यंत्राने केले नाही. दोन्ही बाजू आधी बसल्या, बोलल्या, म्हणून झाले.

आता एक काम असे, जे आपण या हंगामातच करू शकतो. ऊसतोडणी सुरू झाली की रात्री रस्त्याच्या कडेला उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात. मागे दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती ट्रॉली दिसते ती अंगावर आल्यावरच. त्यात किती घरे उजाड झाली हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. युरोपने कोट्यवधी रुपये खर्च केले ते एवढ्याचसाठी, की थांबलेल्या गाडीची बातमी चालत्या गाडीला आधी कळावी. आपल्याला तीच बातमी थोड्या रुपयांच्या लाल पट्टीने देता येते. ट्रॉलीच्या मागे दोन्ही कोपऱ्यांना आणि दोन्ही अंगांना पट्ट्या लावा. बंद पडलेल्या वाहनामागे चकाकणारा त्रिकोण ठेवा. अपघात दिसला तर ११२ क्रमांक फिरवा. युरोपात २०१८ च्या एप्रिलपासून नव्या धाटणीच्या मोटारी मोठा अपघात होताच आपणहून हाच क्रमांक लावतात. आपल्याकडे तो माणसाने लावायचा आहे.

आणि फांदीचे दगड. ट्रक दुरुस्त झाला की चालक घाईने निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. मग त्या दगडांवरच रात्री कुणीतरी पडते. युरोपातल्या त्या नकाशावाल्यांनाही हीच काळजी होती, की अडथळा दूर झाला तर ती बातमीही तितक्याच तत्परतेने कळवली पाहिजे, नाहीतर नसलेल्या अडथळ्यापुढे गाड्या थांबत राहतील. काम सोपवताना पुढच्याला जागे करणे आणि काम संपल्यावर आपला पसारा उचलणे, ही दोन्ही कर्तव्ये सारखीच आहेत, मग ती टॉवरची असोत, पाटाच्या पाण्याची असोत की घाटातल्या ट्रकची. तेव्हा पुन्हा कधी रस्त्यावर दगड मांडायची वेळ आली, तर निघताना ते आठवणीने उचला.

बरे आहे, रामराम.